हुंदका सरांचा शेवटचा तास

कॉलेजात त्यांना सगळे हुंदका सर म्हणायचे, आणि हे नाव त्यांनी घाम गाळून कमावलं होतं. सव्वीस वर्षं ते इंग्रजीच्या तासाला एकच जुनी कविता जीव ओतून शिकवत आले. कवितेत एक नावाडी काठाला नाव लावून बायकोला हाका मारतो. ये गं, लवकर ये, पाणी चढतंय. चार कडवी नुसत्या हाका. आणि पाचव्या कडव्यात एकदम खुंटीला लगाम लटकलेला, गवत तसंच पडलेलं, आणि ती मातीखाली निजलेली.

इथे सर पुस्तक मिटायचे, खिडकीबाहेर बघायचे आणि एक हुंदका द्यायचे. मग फळ्याकडे वळून लिहायचे : नाव म्हणजे आयुष्य. लगाम म्हणजे संसाराचं बंधन. न खाल्लेलं गवत म्हणजे अपुऱ्या राहिलेल्या इच्छा.

मुलं मुकाट उतरवून घ्यायची. या विषयाचा पेपर सरच काढायचे आणि सरच तपासायचे, त्यामुळे गवताला नुसतं गवत म्हणणाऱ्याला पास व्हायची सोयच नव्हती.

पहिली पंधरा वर्षं हा हुंदका घरून तालीम करून आणलेला असायचा. मग सरांची बायको गेली, आणि तो आपोआप यायला लागला. कुणाला फरक कळला नाही. स्टाफरूममध्ये एवढंच म्हणायचे, "सरांचा हुंदका आता चांगला मुरलाय."

आज सर रिटायर होत होते. अकरा वाजता हॉलमध्ये शेवटचा तास ठेवला होता, जुने विद्यार्थी येणार होते, आणि परगावी नोकरी करणारी मुलगीही सकाळच्या बसने आली होती. दहा वाजता सर लायब्ररीत पुस्तक घ्यायला गेले, तेव्हा लायब्ररीवाल्या बाई चष्मा कपाळावर सरकवून म्हणाल्या, "अहो सर, तुमची कविता फुगलीय."

"म्हणजे?"

"तुमच्या कुणा विद्यार्थ्याने त्याच पुस्तकाची नवी प्रत भेट म्हणून पाठवलीय. नोंद करायला म्हणून जुन्याशी लावून बघितलं, तर यात एक पान जास्त निघालं. सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस. आपल्यात ते नाहीच."

कॉलेजकडे त्या पुस्तकाची एकच प्रत होती. मुलांच्या झेरॉक्स तिच्याच, सरांच्या नोट्सही तिच्यावरूनच. फार वर्षांपूर्वी ती बांधायला दिली, तेव्हा बांधणाऱ्याने एक पान गाळलं आणि वर कडा अशा सफाईने कापल्या की पानांचे आकडेच उडाले. दाढी करताना न्हाव्याने कान उडवावा आणि वर म्हणावं, बघा, कसा गुळगुळीत झालाय चेहरा!

सरांनी नवी प्रत उघडली. सत्तेचाळीसवर नावाड्याची कविता पुढे चालू होती. ती वाचायला त्यांना धीर झाला नाही. त्यांनी पान उलटलं. अठ्ठेचाळीसवर नवी कविता सुरू होत होती. वर ठळक अक्षरात मथळा : 'माझ्या म्हाताऱ्या घोडीस'. खाली तिचे गुडघे, तिचे दात, तिची चढावरची धाप. आणि समोरच्या पानावर तो ओळखीचा लगाम, ते ओळखीचं गवत.

"घोडी," सर म्हणाले.

"हो ना," बाई म्हणाल्या. "मला आधी वाटलं, माझंच इंग्रजी कच्चं. सर, बसा जरा. पाणी देऊ?"

पाणी नको होतं. सरांना अकरा वर्षांपूर्वीची एक दुपार आठवली होती. बायको अंथरुणाला खिळलेली, आणि सर तिच्या उशाशी बसून दुसऱ्या दिवशीच्या तासाची तालीम करत होते. ती म्हणाली, मलाही सांगा ना काय आहे ते. सातवीत शाळा सुटलेली बाई. सरांनी मराठीत सगळं सांगितलं. तिने डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाली, "अहो, बायको गेल्यावर माणूस गवत कशाला बघत बसेल? हे कुठल्या तरी जनावराचं वाटतंय."

"तुला काय कळतंय त्यातलं?" सर म्हणाले होते. "गोळी घे आणि झोप."

तिने गोळी घेतली आणि झोपली. त्यानंतर पाच महिने होती, पण कवितेचं नाव तिने पुन्हा काढलं नाही.

म्हणजे सव्वीस वर्षांत ती कविता एकाच माणसाला कळली होती, आणि त्याला सरांनी गप्प बसवलं होतं. ते आज सगळ्यांसमोर, निदान मुलीसमोर, बोलायचं. आज नाही तर मग कधीच नाही. एवढं ठरवून सर प्रिन्सिपॉलच्या केबिनमध्ये गेले. प्रिन्सिपॉल त्यांचाच जुना विद्यार्थी.

"सर, या! सगळी तयारी झालीय. फक्त हुंदका जरा माइकजवळ द्या, मागच्या रांगेपर्यंत जायला हवा."

"अरे, ती कविता घोडीची आहे."

"कुठली?"

"आपली. अर्धी नावाड्याची, अर्धी घोडीची. मधलं पान गळलं होतं."

प्रिन्सिपॉलने पुस्तक बघितलं, पुन्हा बघितलं आणि उठून दार लावून घेतलं. "सर, माझे वडील गेले तेव्हा सगळ्या पाहुण्यांसमोर मी हीच कविता म्हटली होती. मोठे काका ढसाढसा रडले. आता त्यांना काय सांगू, घोडीसाठी रडलात?"

"मला बोललंच पाहिजे रे."

"मग पुढच्या आठवड्यात बोला ना! पत्र लिहा, मी नोटीस बोर्डावर लावतो. पण आज नको. सर, पाया पडतो."

अकरा वाजता हॉल गच्च भरला. सर उभे राहिले. त्यांनी नावाड्याची चार कडवी वाचली आणि थांबले. सगळ्या हॉलने श्वास रोखला. शंभरेक मोबाईल वर झाले.

"इथून पुढे जे मी तुम्हाला शिकवलं, ते चूक आहे," सर म्हणाले. "लगाम म्हणजे लगाम. गवत म्हणजे गवत. ही एका मेलेल्या घोडीची कविता आहे."

कुणीतरी फिसकन हसलं. दुसऱ्या रांगेतला एक टकलू वकील उठून म्हणाला, "सर, असं कसं? मी त्या गवतावर फर्स्ट क्लास काढलाय!" आता सगळा हॉल हसला.

"माझ्या बायकोला हे कळलं होतं," सर म्हणाले. हसणं थांबलं. "तिने मला सांगितलं. मी तिला म्हणालो, तुला काय कळतंय. आजारी होती ती. नंतर ती गेली. तिचं बरोबर होतं, हे तिला सांगायचं राहून गेलं, म्हणून तुम्हाला सांगतोय."

हॉल चिडीचूप झाला. आता येणार, आता येणार, म्हणून सगळे वाट बघत राहिले. सरही वाट बघत होते. पण डोळे कोरडे ठणठणीत, आणि छातीत काही म्हणजे काही हलेना. अर्धं मिनिट गेलं. माइकची खरखर तेवढी ऐकू येत होती. शेवटी प्रिन्सिपॉलला राहवेना. त्याने माइक ओढून घेतला, खिडकीकडे बघितलं आणि सरांचा हुंदका हुबेहूब दिला.

टाळ्यांनी छत उडायचं बाकी राहिलं. "वा! काय शिष्य तयार केलाय!" कुणीतरी ओरडलं. मग भाषणं झाली, भिंतीवरचं घड्याळ भेट मिळालं, आणि तीन जण वेगवेगळे येऊन म्हणाले, "सर, ती घोडीची कल्पना काय भन्नाट होती! तिच्यामुळेच शेवट असा चटका लावून गेला." सर प्रत्येकाला सांगत होते, कल्पना नाही हो, पान गळलं होतं. ऐकणाऱ्यांना तेही फार खोल वाटत होतं.

मुलगी शेवटच्या बाकावर होती. तिने टाळ्या वाजवल्या नव्हत्या. व्हरांड्यात तिने सरांच्या हातातलं घड्याळ घेतलं.

"त्या दिवशी मी दारात होते, बाबा."

"माहीत आहे. पाण्याचा ग्लास आपटून गेलीस."

"तेव्हापासून मला वाटायचं, तुम्ही हे विसरलात."

दोघं जिन्याकडे चालू लागले. जिन्याशी आल्यावर ती म्हणाली, "तुम्ही गेल्यावर आईने मला बोलावलं. म्हणाली, यांना विचारायची आता सोय नाही, पण त्या नावाड्याची बायको शेवटी आली की नाही, ते कुठेच नाही आलं. मला म्हणाली, तू मोठी झालीस की वाच आणि सांग. मी लायब्ररीत येऊन वाचलं, बाबा. त्यात नव्हतंच."

सर पायरीवर बसले. पिशवीतून नवी प्रत काढली आणि सत्तेचाळीसावं पान उघडलं. चष्मा सापडायला वेळ लागला. मग ते एकेक ओळ मराठीत सांगत गेले, सपाट आवाजात, बोट ठेवून, जसं शिकवायला लागल्यापासून त्यांनी कधीच वाचलं नव्हतं. अंधार पडतो. ती येते. गुडघ्यापर्यंत भिजलेली. म्हणते, ओरडून सगळा काठ जागा केलास, मी काय बहिरी आहे?

"मग?"

"मग बसते नावेत."

"पुढे?"

"एवढंच आहे."

मुलगी घड्याळ मांडीवर घेऊन शेजारी बसली. "तिला सांगायचं होतं मला," ती म्हणाली. वर हॉलमध्ये कुणाच्या तरी आग्रहावरून प्रिन्सिपॉल पुन्हा एकदा हुंदका देत होता.