अमरचा उजवा पाय

निकिताच्या रुखवतात नेहमीचं सगळं होतं. शेवयांचं घर होतं, करंज्या होत्या, मण्यांचे मोर होते. आणि या सगळ्याच्या टोकाला, भिंतीला टेकून, एक लांबलचक काळी पिशवी उभी होती. ढाणकीहून आलेल्या वऱ्हाडातल्या बायका रुखवत पाहायला आल्या तेव्हा मोर राहिले बाजूला, सगळ्यांची नजर त्या पिशवीवर. नवरदेवाची आत्या इंदूबाई त्यांच्यातली धीट. तिनं सरळ चेन उघडून आत डोकावलं.

"गिटार हाये व्हय. पण हिले तं चारच तारा. दोन वाटेत तुटल्या का?"

"नाही आत्या, हिला चारच असतात," निकिता म्हणाली. "ही बास गिटार. जाड आवाजाची."

"मंग हिच्यावर गाणं वाजते का नाई?"

"गाणं दुसरे वाजवतात. ही त्यांच्या खालून चालते."

इंदूबाईला हे काही पटलं नाही. पण लग्नाच्या दिवशी नवरीशी वाद नको म्हणून तिनं चेन लावून टाकली.

यवतमाळला फार्मसीच्या कॉलेजात असताना ही बास निकिताच्या गळ्यात पडली होती, तीही तिला तालमीला यायला उशीर झाला म्हणून. गॅदरिंगसाठी मुलींचा बँड निघाला, गिटार घ्यायला तिघी, गायला सहाजणी, आणि जे कोणालाच नको ते निकिताकडं आलं. आठवडाभर ती रुसून वाजवत होती. मग एकदा मोठ्या स्पीकरवर तिनं जाड तार छेडली आणि आवाज कानात येण्याआधी छातीत आला. त्या दिवसापासून तिनं बास सोडली नाही. कॉलेज संपलं, बँड पांगला. घरी खोलीचं दार लावून, मोबाइलवर ठोक्यांचं ॲप सुरू करून ती एकटीच वाजवत राहिली. त्या ॲपसोबत तिचा एकही ठोका चुकत नसे.

अमरचं स्थळ आलं तेव्हा मुलामुलीला बोलण्यासाठी गच्चीवर पाठवलं होतं. अमर बराच वेळ शेजारच्या टाकीकडं पाहत उभा राहिला. मग म्हणाला, "आमची शेती हाये. हळद, कापूस. आन मी ड्रम वाजवतो."

एवढंच बोलला. खाली आल्यावर निकितानं आईवडिलांना सांगितलं, मुलगा पसंत आहे, घरची माणसं चांगली वाटतात. खरं कारण तिनं सांगितलं नाही.

लग्नानंतर कळलं की अमर गच्चीवर लाजून गप्प नव्हता, तो होताच तसा. सकाळी शेतात जाताना "येतो", दुपारी जेवताना "भाजी मस्त", आणि बाकी हसू. माणूस मनानं निर्मळ. ती गावातल्या औषधाच्या दुकानात कामाला लागली, तिला सोडायला आणायला तो न चुकता मोटरसायकल काढी, पण रस्ताभर आवाज फक्त इंजिनाचा. सासू वच्छलाबाई म्हणायच्या, "माह्या पोराले शब्द महाग पडतात, बाई. तू मनाले लावून घेऊ नको."

त्याचे ड्रम घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये होते. एका बाजूला कापसाचा ढीग, दुसऱ्या बाजूला फवारणीचे पंप, आणि मधे ताडपत्रीखाली तो सेट. त्याचा मित्र सोनू गाणारा, ऋतिक कीबोर्डवाला. तिघं मिळून लग्नं, वाढदिवस, दुर्गोत्सव करायचे. बासचं काम ऋतिक कीबोर्डवरच डाव्या हातानं उरकून टाकायचा. दिवाळीनंतर एका संध्याकाळी सासरे बबनराव अंगणात बसले होते, तेव्हा निकितानं विचारलं, "मामाजी, मी बसू का त्यांच्यात वाजवायला?"

बबनरावांनी जरा विचार केला. "रुखवतात आणलंच हाये तं ठेवून कायले द्यायचं," ते म्हणाले. "वाजवा."

आणि पहिल्याच तालमीत सगळं फसलं.

निकिता आपल्या ॲपच्या चालीनं वाजवत होती, ठोका सरळ, जराही इकडंतिकडं नाही. अमरचं तसं नव्हतं. गाणं रंगात आलं की तो रंगात यायचा, आणि कडवं संपताना सगळ्या ड्रमवरून हात फिरवत दोन पावलं पुढं निघून जायचा. निकिता तिथंच. मग ती धावत त्याला गाठायची, तोवर तो तिच्यासाठी थांबलेला असायचा. सोनू गाताना एकदा हिच्याकडं, एकदा त्याच्याकडं बघे. तिसऱ्या गाण्याला त्यानं माइक खाली ठेवला.

"मी कोणासोबत गाऊ तेवढं सांगा," तो म्हणाला. ऋतिक कीबोर्डमागं तोंड लपवून हसत होता.

दोघं निघून गेल्यावर निकितानं बास उतरवली. "तुम्ही पुढं पळता," ती म्हणाली.

"तू मांगं राह्यते."

"मी ठोक्यावर असते. मोबाइल लावून पाहा."

आणि मग अमर बोलला. "मोबाइल नाचते का? लग्नात माणसं नाचून राह्यली असतात, त्याईचा जोर वाढला का गाणं थोडं उचलावं लागते. मोबाइलले काय दिसते? मी सोनूच्या श्वासाकडे पाह्यतो, लोकाईच्या पायाकडे पाह्यतो. तू कोणाकडेच पाहत नाई. तू तुह्या बोटाईकडे पाह्यते. मी इथं हाव हे बी तुले मालूम नसते."

निकिता रागावलेलीच होती. पण रागाच्या मधोमध तिच्या ध्यानात आलं की सहा महिन्यांत हा माणूस एका दमात एवढं पहिल्यांदाच बोलला. तिला आणखी ऐकायचं होतं, म्हणून ती भांडत राहिली.

"आणि कडव्याच्या शेवटी तुम्ही पळता ते? तेव्हा कोण नाचतं?"

अमर काडी हातात फिरवत म्हणाला, "थे मात्र माह्यंच चुकते."

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवण झाल्यावर तोच म्हणाला, "चाल शेडमधी. दोघंच."

त्यानं हातातल्या काड्या बाजूला ठेवून दिल्या. फक्त उजवा पाय पेडलवर. पायानं वाजतो तो मोठा ड्रम, त्याला हे सगळे किक म्हणत. धप्, मग रिकामी जागा, मग धप् धप्. "माह्या पायाकडे पाह्य," तो म्हणाला. "पाय पडला का तू एक सूर दे. दुसरं काहीच नाई."

एक सूर, एक पाय. ऐकायला इतकं कंटाळवाणं की वच्छलाबाई दारात येऊन विचारून गेल्या, "हे गाणं कोणतं म्हणावं?" पण निकिताला कंटाळा आला नाही. पहिल्या दिवशी तिचा सूर ठोक्याच्या मागून येई. मग तिच्या ध्यानात आलं की पाय पडताना पाहून तार छेडली तर उशीर झालेलाच असतो. पाय वर जाताना पाहायचं. टाच उचलली जाते, गुडघा जरासा हलतो, तिथंच बोटानं निघायचं. नवऱ्याच्या पायाकडं इतका वेळ टक लावून पाहणारी बाई ढाणकीत दुसरी नसेल, असं मनात येऊन तिला हसू फुटलं, आणि ठोका चुकला.

आठवडाभरानं एका दुपारी शेडचं टिन थरथरलं. याआधी ते कधी ड्रमनं वाजे, कधी बासनं, पण वेगवेगळं. त्या दुपारी पाय आणि सूर नेमके एकावर एक पडले आणि अख्खं छत एकदम घुमलं. कापसाच्या ढिगावरची चिमणी उडाली. पुन्हा एकदा. पुन्हा एकदा. ड्रमचा आवाज कुठं संपतो आणि तारेचा कुठं सुरू होतो, ते निकिताला सांगता येईना. तिनं मान वर केली तर अमर तिच्याकडंच बघत होता, तोंड अर्धं उघडं.

"आता हात बी चालवा," ती म्हणाली. "पण कडव्याच्या शेवटी माझा सूर येईपर्यंत थांबायचं."

"थांबतो," तो म्हणाला, आणि थांबू लागला. दर वेळी नाही, पण थांबू लागला.

पौषाआधीच्या शेवटच्या तिथीला त्यांना दारव्ह्याच्या एका लग्नघरची हळद मिळाली. सकाळचा कार्यक्रम, मांडव गच्च, बायका पिवळ्या साड्यांत, मुलांच्या अंगावर आधीच हळद. तिसरं गाणं नाचाचं होतं आणि मांडव उसळत होता. तेवढ्यात निकिताला पायाखालून काहीतरी निघून गेल्यासारखं झालं. अमरचा पाय खालीवर होत होता, पण धप् येत नव्हतं. पेडलची साखळी तुटून खाली लोंबत होती.

अमरनं तिच्याकडं पाहिलं. चेहरा पांढराफटक. नाचाच्या गाण्यातून किक गेली की लोकांचे पाय आपोआप ढिले पडतात, आणि का पडले ते त्यांनाही कळत नाही. गाणं थांबवायचं का, असं तो डोळ्यांनी विचारत होता.

निकितानं मान हलवली. नाही. तिनं आपली सगळी वळणं, सगळे बारकावे सोडून दिले, खालची जाड तार धरली आणि अंगठ्यानं ठोकायला लागली. धप्, मग धप् धप्. अमरचा पाय हवेतच चालू होता आणि ती त्याच्याकडं बघून त्याचा ठोका आपल्या तारेवर वाजवत होती. पायाला आवाज नव्हता, तो तिनं दिला. ती सरकत सरकत त्याच्या अगदी बाजूला जाऊन उभी राहिली.

मांडवात कोणाचं पाऊल अडलं नाही. नवरीची मावशी मधोमध गिरक्या घेत होती, तिची गिरकी पुरी झाली. सोनूला तर पत्ताच नव्हता. लोक आवरेनात म्हणून तो कडवं पुन्हा पुन्हा घेत राहिला. अमरच्या चेहऱ्यावर रंग परत आला. मग हसू आलं. आणि मग त्याला खोडी सुचली. कडव्याच्या शेवटी तो हात उचलून तसाच थांबला, अजून थांबला, भुवई उडवून तिच्याकडं बघत. निकितानं सूर दिला नाही. तिनंही रोखून धरला. सगळा मांडव एका पायावर. मग दोघं एकाच क्षणी खाली आले आणि माणसांतून असा आरडाओरडा उठला की बाहेर स्वयंपाकाला बसलेल्या बाया झारे घेऊन बघायला आल्या.

गाणं संपल्यावर ऋतिकनं मांडवातली तार काढून साखळी बांधली आणि बाकीचा कार्यक्रम सुरळीत पार पडला. जेवताना नवरीचे काका येऊन सोनूची पाठ थोपटून गेले. "काय गायले बुवा," ते म्हणाले. मग अमरकडं वळून, "तुमीबी बरं वाजवलं." निकिताच्या ताटात त्यांनी एक जिलेबी जास्त वाढायला सांगितली, बस. ते गेल्यावर निकिता आणि अमर एकमेकांकडं बघून इतके हसले की सोनूनं विचारलं, "काय झालं?" सांगितलं तर त्याला खरंच वाटेना. तो उठून पेडल पाहून आला, तेव्हा कुठं पटलं.

परतीच्या जीपमध्ये ड्रम मागं बांधले होते आणि मधल्या सीटवर अमर बोलत होता. साखळी तुटली तेव्हा पायाला कसं वाटलं ते त्यानं सांगितलं. मग लहानपणी तो तेलाच्या डब्यांवर वाजवायचा ते. मग यंदा हळद कशी आहे ते. दिग्रस गेलं, तो बोलतच होता. बाहेर कापसाची शेवटची वेचणी चालली होती, ऊन कलायला लागलं होतं.

पुढच्या सीटवरून सोनू वळला. "अमऱ्या, वीस वर्षांची दोस्ती हाये आपली. यातलं मले तं कधीच नाई सांगतलं."

"तू काहून नाई इचारलं?"

"मंग वहिनीनं इचारलं का?"

"नाई," अमर म्हणाला. "थे आयकते."

निकिता खिडकीबाहेर बघत होती, पण तिचे कान इकडंच होते. पुसदला जीप चहाला थांबली, सोनू आणि ऋतिक उतरले. हे दोघं मात्र जागचे हलले नाहीत, कारण अमर तिला एक नवी चाल सांगत होता, गुडघ्यावर थापा मारत, आणि एके ठिकाणी तिला ती पटत नव्हती.

"इथं एक जागा रिकामी सोडा," ती म्हणाली.

"कायले?"

"सोडून तर पाहा."

त्यानं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.