तुळजाच्या गाण्याचा अर्थ

"काकू, पळत या! तुमचा मोरू मोबाईलात मुलाखत देतोय!" शेजारची तनया ओरडली, तेव्हा तुळजा उद्याच्या हळदीची गाणी गुणगुणत तांदूळ पाखडत होती. सूप खाली ठेवून ती ओट्यावर आली.

मोरू तिचा भाचा. आईबाप गेल्यावर तिनंच वाढवलेला. आधी त्यानं शेलार गावात यंत्रमागावर शिफ्ट केल्या, मग हळदीच्या ऑर्केस्ट्रात गायला. यंदा मात्र आत्यानं रचलेलं एक गाणं घेतलं, त्याला रेगेटन नावाच्या परदेशी नाचगाण्याचा ठेका लावला, आणि भिवंडीतल्या रिक्षारिक्षात तेच वाजायला लागलं. 'वाट राखली दाराशी, परतून ये रं घराशी.' पोरंपोरी प्रेमाचं गाणं म्हणून नाचायची. तुळजालाही मजा वाटायची, खोटं कशाला बोला!

मोबाईलातल्या बाईनं विचारलं, "या गाण्याचा खरा अर्थ काय?"

"माझ्या आत्याची गोष्ट हाय ती." मोरूनं डोळे पुसले. "तिच्या नवऱ्यानं सुरतेला दुसरी बाई ठेवली. सतरा वर्षं झाली. आत्या गावाला सांगते, तो बोटीवर नोकरीला हाय."

तनयानं घाईघाईनं मोबाईल बंद केला. पण आता काय उपयोग? अख्ख्या दिघाशी गावानं ऐकलं असणार.  सतरा वर्षं तुळजानं कुंकू, मंगळसूत्र आणि ती बोट सांभाळली होती. गावात कुठलंही लग्न असो, सवाष्ण म्हणून पहिली हळद तिच्या हातची. खरं काय ते फक्त मोरूला माहीत. 'अर्थ कळला तर गळ्यात उतरल, आत्ये,' म्हणत मागे लागला होता मेला!

संध्याकाळी तो पेढे घेऊन आला. "आत्ये, सगळ्यांसमोर तुझं नाव घेतलं मी!"

"नाव घेतलंस आनि अब्रू इकलीस. शपथ घातली व्हती ना रं तुला?"

"लोकांना स्टोरी लागते गो. त्याबिगर पुढं जाता येत न्हाय. आनि लाज त्याला वाटाया पायजे, तुला कशाला?"

ते खरं होतं, म्हणून तर जास्त झोंबलं.

"खरं हाय. पन ते मी सांगायचं व्हतं. तू न्हाय." तिनं पेढ्यांचा पुडा त्याच्या हातात परत दिला.

दुसऱ्या दिवशी गावातल्या केसरीनाथच्या मुलीची हळद. तुळजा गेली. ठेवणीतलं लुगडं नेसून, ठसठशीत कुंकू लावून गेली. मांडवात सगळ्यांनी "या, या" केलं, जरा जास्तच केलं. बसायला खुर्ची दिली. नवरीला पहिली हळद मात्र केसरीनाथच्या वहिनीनं लावली. स्पीकरवर मोरूचं गाणं लागलं आणि कुणीतरी पटकन ते बदललं.

दर लग्नात एखादी तरी तिला नवऱ्यावरून हटकायचीच, "काय गो तुळजा, चांगदेवदादाची बोट कधी लागते?" तीही हसून म्हणायची, "येल गो, शिमग्याला येल."

आज पंगती उठल्या, भांडी घासायला निघाली, तरी कुणीच विचारलं नाही.