रविवारी थांबणाऱ्या लाटा

धाकटी बहीण पोहण्याच्या तलावाची व्यवस्थापक झाली आणि तिथल्या लाटांच्या यंत्राचा प्रोग्रॅम थोरलीने लिहून दिला. घरचं माणूस म्हणून भरवशाने काम दिलं होतं. त्यामुळे लाटा बिघडल्यावर बोलणीही घरच्यासारखीच बसली.

"ताई, बुधवारी तुझ्या लाटा पेंगतात," धाकटी फोनवर म्हणाली. "शुक्रवारी मागे कुत्रं लागल्यासारख्या पळतात. आणि रविवारी ऐन गर्दीत पाणी ढिम्म."

"मोटर बघ."

"मिस्तरी दर सोमवारी उघडतो. उघडली की नीट चालते."

मिस्तरी मोटरच्या कामातला जुना माणूस. तो मेन स्विच बंद करायचा, मोटर खोलायचा, आत काही सापडायचं नाही, मग पुसूनबिसून परत बसवायचा. लाटा सुरू. त्यामुळे मिस्तरीच्या हाताला गुण आहे आणि ताईच्या प्रोग्रॅमला नाही, असं तलावावर सर्वानुमते ठरलं होतं. आईनेही जेवताना विचारलं, "त्या मिस्तरीकडून थोडं शिकून का घेत नाहीस?"

शुक्रवारी ताई तलावावर गेली, लॅपटॉप कंट्रोलच्या पेटीला जोडला आणि काठावर प्लास्टिकच्या खुर्चीत बसली. एक जाडजूड गृहस्थ लाटेबरोबर पायऱ्यांवर येऊन आपटले, चष्मा सरळ केला आणि पुन्हा आत गेले. तिने स्क्रीनकडे पाहिलं.

प्रोग्रॅम साधा होता. यंत्र सुरू झाल्यापासूनची सेकंदं मोजायची, दर वेळी सेकंदाचा पन्नासावा भाग मिळवायचा आणि त्या वेळेवरून साइन, म्हणजे लाटेसारखं वरखाली होणारं गणित, काढून पाणी किती उचलायचं ते ठरवायचं. पण आकडा पन्नासाव्या भागाने वाढत नव्हता. दर वेळी त्याच्या दीडपट उडी मारत होता. ताईचे कान तापले. ती उठून धाकटीच्या केबिनमध्ये गेली.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "मशीनमध्ये आकड्याला ठरावीकच जागा असते. आकडा मोठा झाला की शेवटचे अंक गळतात. मग मी मिळवते तो चिमूटभर वेळ मशीनला जमेल त्या जवळच्या मापात कोंबला जातो. बुधवारी ते माप कमी भरतं, शुक्रवारी जास्त."

"आणि रविवारी?"

"शून्य. प्रोग्रॅम मिळवत राहतो, पण पदरात काही पडत नाही."

"म्हणजे ते साइन चुकतं?"

"नाही. त्याला सारखा तोच आकडा दिला, तर ते बिचारं तेच उत्तर देणार."

"गेल्या वर्षी असं होत नव्हतं."

"गेल्या वर्षी तुम्ही संध्याकाळी सगळं बंद करत होतात. आता गाळणीचा पंप त्याच पेटीवर घेतलाय, त्यामुळे काहीच बंद होत नाही. मिस्तरी मेन स्विच बंद करतो तेव्हा मोजणी पहिल्यापासून सुरू होते."

धाकटीने जरा विचार केला. "म्हणजे मिस्तरीचं बरोबर होतं."

"हो," ताई म्हणाली. हे एवढं म्हणायला तिला वेळ लागला.

दुरुस्ती एका ओळीची होती. एक लाट पूर्ण झाली की तिचा वेळ मोजणीतून वजा करायचा. पूर्ण वळसा गेला काय नि राहिला काय, साइनला फरक पडत नाही. आकडा लहानच राहतो आणि शेपूट गळत नाही. त्या रविवारी लाटा आल्या. माणसं आपटली, उठली आणि परत आत गेली.

मग ताईला आठवलं की हाच प्रोग्रॅम तिने आणखी एका तलावाला दिला होता. तिने तिथल्या व्यवस्थापकांना फोन केला.

"आमची काही तक्रार नाही," ते म्हणाले. "रविवारी लाटा सुट्टी घेतात, सोमवारी आम्ही बंद करून चालू करतो. लोकांना सवय झालीय."

"मी येऊन दुरुस्त करून देते."

"रविवारी लाटा बंद, असा बोर्ड लावलाय हो. पक्क्या रंगात."

ताई तरीही दुसऱ्या दिवशी गेली. दुरुस्तीला दहा मिनिटंही लागली नाहीत. बोर्ड मात्र भिंतीवरच रंगवलेला होता. तो खरवडायचं काम दुपारपर्यंत चाललं, आणि ती निघाली तेव्हा 'रविवारी' एवढंच शिल्लक होतं.