उन्हाळ्यात घेतलेली बंदूक

"कोट बरोबर न्या," एवढंच मी म्हटलं आणि आमच्या घरात भांडण पेटलं. ऑगस्ट महिना होता, आमच्याकडचा भर उन्हाळा. संत्र्यांच्या बागेत पान हलत नव्हतं आणि आमचे हे, म्हणजे स्टिपान, नवी बंदूक घ्यायला मेटकोविचला निघाले होते.

"कोट? अगं लूत्सा, उन्हानं डोस्कं फिरलं का काय तुजं? मान्सं हसतील की!"

"हसू द्यात. चांदवं पाखरं काय ऑगस्टात मारनार हाय का? डिसेंबरात कोट घालूनच होडीत बसनार न्हवं? मग बंदूक खांद्याला लावून बगायची ती बी कोटावरच बगावी."

"तू आपलं शिवनकाम बग. बंदुकीतलं बायकांनी बोलू नगं."

खरं सांगायचं तर बंदुकीतलं आमच्या गावच्या पुरुषांनाही काही कळत नव्हतं. नेरेत्वा नदी समुद्राला मिळते तिथल्या आमच्या पाणथळीत बंदूक कुणी विकत घेत नाही, ती बापाकडून येते. ह्यांना माझ्या सासऱ्यांकडून आली, सासऱ्यांना त्यांच्या बापाकडून. त्या कुणा जुन्या माणसानं कोटाचा अंदाज घेऊनच तिचा खांद्याला टेकणारा लाकडी दस्ता कापला असणार, पण ते कुणाला आठवतंय? मग कायदा आला, पाण्यावर शिशाचे छर्रे मारायचे नाहीत. पोलादी छर्रे त्या म्हाताऱ्या दुनळीला सोसणारे नव्हते. बंदूक भिंतीवर गेली आणि ह्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

आमच्याकडे हिवाळ्यात सगळ्या होड्या मिळून पाण्यावर बसलेल्या चांदव्यांना घेरतात. त्या घेऱ्यातली पहिली होडी ज्याचा नेम सगळ्यात चांगला त्याची, आणि ती गेली कित्येक वर्षं ह्यांची होती. धाकटे दीर बार्तुल तिच्यावर डोळा ठेवून होते. नवी बंदूक चुकली की होडी गेली, हे गावातल्या कोंबड्यांनासुद्धा ठाऊक होतं.

मग काय, मेटकोविचला निघायच्या आधी गावच्या कॅफेत पंचायत बसली. मी दाराशी अंडी विकत उभी होते, त्यामुळे शब्द न् शब्द ऐकला.

"नळी लांब घे, स्टिपान. जितकी लांब तितका छर्रा लांब."

"आन् होडीत ती फिरंल का? बोरूच्या गवतात अडकंल की!"

"एकावर एक नळी आसलेली घे. शेजारी शेजारी नळ्या म्हातारी मान्सं वापरत्यात."

"मी काय म्हातारा हाय का रं?"

"मग आपोआप भरनारी घे. लागोपाठ तीन बार!"

"तिच्यात चिखूल गेला की एक बी न्हाई."

बार्तुलभावजी कॉफी ढवळत म्हणाले, "दादा, तू बंदूक घिऊच नगंस. दुर्बीन घे. आमी मारतू, तू मोज."

सगळे खो खो हसले, आणि त्या हसण्यातच बंदूक ठरली. मेटकोविचच्या दुकानात जी सगळ्यात लांब आणि सगळ्यात चकचकीत होती तिच्यावर ह्यांनी बोट ठेवलं. मीही बरोबर गेले होते; पिशवीतून कोट आणलाच होता, तो काढला. दुकानदार भला माणूस. म्हणाला, "मावशी बराबर सांगत्यात, काका. कोट घालून एकदा बगा."

"बंदूक मी घेतुय का ती घेतीय?" असं म्हणून ह्यांनी अर्ध्या बाह्यांच्या शर्टावर बंदूक खांद्याला लावली आणि आरशात बघितलं. खोटं कशाला बोलू, शोभत होते. लग्नाच्या फोटोतही इतके शोभले नव्हते.

डिसेंबरात घेऱ्याचा दिवस उजाडला तो बुरा नावाचा आमचा वारा घेऊनच. डोंगरावरून हा वारा उतरला की बांधावर उभं राहिलेलं माणूस सोलून निघतं. आम्ही बायका रश्श्याचं पातेलं चुलीवर ठेवून बांधावरून बघत होतो. हे अंगात दोन स्वेटर आणि वर माझ्या हातचा जाड कोट घालून पहिल्या होडीत बसले होते.

काळेकुट्ट चांदवे पाणी कापत धावले आणि उठले. ह्यांनी बंदूक उचलली, आणि लांब दस्ता काखेतच अडकला. ओढला, पुन्हा अडकला. नळी आभाळाकडे आणि चांदवे समुद्राकडे. तिकडे बार्तुलभावजींनी दोन पाडले.

मग ह्यांनी जे केलं ते बघून माझ्या हातातली पळी गळून पडली. कोट काढून होडीत फेकला. त्यावर एक स्वेटर, त्यावर दुसरा. त्या वाऱ्यात नुसत्या शर्टावर बसले. दुसरा थवा उठला, आणि ह्यांचा एकही बार वाया गेला नाही.

बांधावर आरोळ्या उठल्या. "आरं, काय रग हाय म्हाताऱ्याच्या अंगात! पयला थवा मुद्दाम सोडला बग, हात गरम व्हायला!"

खरं कारण फक्त मला माहीत होतं. मला हसू आलं आणि रडूही आलं.

तिसऱ्या दिवशी हे अंथरुणात. छाती भात्यासारखी वाजत होती. मी छातीला राकियाची दारू चोळत म्हटलं, "सुतार निक्शाकडनं दस्ता दोन बोटं कापून आनते. कुनाला कळनार न्हाई."

"निक्शा? भुसा खाली पडायच्या आत सगळ्या पानथळीला सांगंल! हात लावू नगंस बंदुकीला." आणि त्यांनी ती रजईत ओढून घेतली.

तेवढ्यात शिकारी मंडळाचे अध्यक्ष नेदिल्को वाइनचा बुधला घेऊन आले. "स्टिपान, तुज्यासारखा गडी न्हाई. मंडळानं ठरीवलंय, तू हाईस तवर पयली होडी तुजी. फकस्त यक हाय. बसायचं ते शर्टावरच. पुढल्या साली तुला बगायला शेरातली मान्सं येनार हायत."

हे कोपरावर उठून बसले. "कोट? कोट बायका घालत्यात," म्हणाले, आणि खोकल्यानं अर्धमेले झाले.

अध्यक्ष गेल्यावर ताप असूनही ह्यांचा चेहरा उजळला होता. "ऐकलंस का लूत्सा? मी हाय तवर! बार्तुल आता बसला हात चोळत!"

"ऐकलं की," मी म्हटलं. "भावजींना निरोप धाडते, अजून एक हिवाळा दम धरा म्हनून."