ठिगळावरचा सात

मी एक जुनी चादर आहे. अंथरायची नव्हे हो, वाचायची! वुहानच्या नदीकाठच्या बागेत मला दोन झाडांमध्ये बांधायचे आणि समोर उभी राहून निवृत्त मंडळी गायची. मित्रांनो, माझ्या अंगावर अख्खं गाणं आकड्यांत लिहिलंय. एक म्हणजे सा, दोन म्हणजे रे, असं करत सात म्हणजे नी. आकड्याखाली टिंब असलं की सूर खालचा, वर असलं की वरचा. शून्य आलं की गप्प. मला रंगवलं ते गेंग मास्तरांनी, जन्मभर बस चालवलेल्या माणसाने.

एका सकाळी यूझेनकाकू आल्या. नवखे आधी नुसते आकडेच गातात, तशा त्याही गाऊ लागल्या आणि शून्यापाशी खणखणीत ओरडल्या, "शून्य!" हशा पिकला.

"अहो वहिनी, शून्य गायचं नसतं, गिळायचं असतं," मास्तर म्हणाले.

"मग लिहिता कशाला?" काकू फणकारल्या.

"ठेका चालूच असतो ना! मनात मोजायचं, पुढचा आकडा आला की गायचं."

काकूंना गाण्याची हौस अशी नव्हतीच. त्यांचे यजमान देमाओ पूर्वी कारखान्याच्या वाद्यवृंदात बासरी वाजवायचे. मग झटका आला. उजवं अंग लुळं पडलं, वाचा गेली. वर्ष झालं, ते भिंतीकडे बघत बसून असायचे, हाकेला मानही वळवत नसत. त्यांचं आवडतं गाणं माझ्यावर होतं. ते त्यांना म्हणून दाखवावं, निदान एकदा त्यांनी आपल्याकडे बघावं, म्हणून काकूंचा हा खटाटोप.

पुढे एकदा वाऱ्याने मी टरकन फाटले. काकूंनी मला घरी नेलं, लाल ठिगळ लावलं आणि गॅलरीत दोरीवर टांगलं. बघतात तर ठिगळाखाली एक आकडा गडप!

"अगं बाई, इथे काय होतं?" त्या पहिल्यापासून गाऊ लागल्या. ठिगळापाशी आल्या आणि अंदाजानेच म्हणाल्या, "सहा."

मागे खुर्ची करकरली. देमाओंचा डावा हात वर झाला होता. अंगठा आणि दोन बोटं, टोकाला टोक, चिमूट धरल्यासारखी. आमच्याकडे एका हातावर दहापर्यंत आकडे दाखवतात. ही खूण बाजारातलं शेंबडं पोरही ओळखेल. सात!

काकूंनी सात गायला. सूर अस्सा चपखल बसला की वारा नसताना माझ्या अंगावर काटा आला. देमाओ बायकोकडे बघत होते.

"वर्षभराने बोललात," काकू रडत रडत हसल्या, "ते माझी चूक काढायलाच ना?"

तोवर त्यांच्या हाताने पुढचा आकडा दाखवलाही होता.

आता बागेत गाणं दाखवणारा चकचकीत विजेचा पडदा आलाय. मी काकूंच्या पिशवीच्या तळाशी घडी होऊन पडले आहे, माझे आकडे फिकुटलेत. ठिगळावर काकूंनी शाईने काढलेला सात तेवढा ठळक आहे. मित्रांनो, माझी कीव करू नका. पण तुमच्या घरात कुणी गप्प गप्प झालं असेल, तर गाणं संपलं असं समजून उठून जाऊ नका. शेजारी बसा आणि मनात मोजत राहा.