अभ्यासाचा कॉम्प्युटर

रिक्षाचे वीस रुपये वाचवायला स्टँडपासून शुक्रवार पेठेपर्यंत पायी येणारा जोतिराम एके दिवशी कॉम्प्युटर घ्यायचा म्हणाला, तेव्हा त्याच्या बायकोला, प्रियंकाला, काही उमगेना.

"पायलच्या अभ्यासाला," तो म्हणाला.

पायल आठवीत. तिला विचारलं तर म्हणते, "मला कशाला? मी मोबाईलवर करते की." मग अभ्यास नक्की कुणाचा? प्रियंकाची भिशी नुकतीच लागली होती आणि त्या पैशात वॉशिंग मशीन घ्यायचं तिने मनात पक्कं केलं होतं. पण लग्नाला चौदा वर्षं झाली, या बाप्याने कधी काही मागितलं नव्हतं. आता मागितलं तेही लेकीच्या नावावर. ती हो म्हणाली खरी, पण डोक्यातला गुंता काही सुटेना.

दोघं गेली त्या कॉम्प्युटरच्या दुकानाचा मालक मल्लिनाथ पोरगेलाच होता. "कशासाठी पाहिजे?" त्याने विचारलं.

"अभ्यासाला."

त्याने एक जुना, दुरुस्त केलेला कॉम्प्युटर दाखवला. जोतिरामचा चेहरा पडला. जरा घुटमळून तो म्हणाला, "आन् अभ्यास जड असला तर?"

"किती जड?"

जोतिरामने बायकोकडे चोरून पाहिलं. "म्हंजे... ट्रक चालवायचा."

मल्लिनाथ हसला नाही, हे त्याचं भलेपण. ट्रकचा गेम नीट चालायला ग्राफिक्स कार्ड लागतं, असं सांगून त्याने त्याची किंमत सांगितली. प्रियंका चक्रावली. कॉम्प्युटरच्या पोटात बसणारी वस्तू, आणि ती अख्ख्या कॉम्प्युटरपेक्षा महाग? हा कुठला न्याय? आणि चाळिशीचा माणूस गेम खेळणार?

टेंभुर्णीच्या चौकात जोतिरामच्या वडिलांचं पंक्चरचं दुकान होतं. पोर ट्रकांच्या चाकांतच वाढलं. पण लहानपणी बाभळीच्या काट्याने डावा डोळा गेला आणि मोठ्या गाडीचं लायसन काही मिळालं नाही. आता चिंचोळी एमआयडीसीत तो दुसऱ्यांच्या ट्रकांत माल भरतो. हे सगळं प्रियंकाला ठाऊक होतं. तरी मल्लिनाथच्या दुकानात ते तिच्या ध्यानात आलं नाही.

"बिनकार्डाचं चालत न्हाय का?" तिने विचारलं.

"चालतं. चित्राची सगळी सेटिंगं कमीवर ठेवून."

"मग झालं तर."

"व्हय व्हय, झालं की," जोतिराम घाईने म्हणाला.

रविवारी तो अंघोळ करून, बाहेर जायचा शर्ट घालून कॉम्प्युटरपुढे बसला. पडद्यावर ट्रकचं नाक, चार हात रस्ता आणि पुढे सगळं करडं. झाडं एकदम समोर उगवत होती. तो पुढे वाकून, जपून चालवत होता.

"धुकं लई हाय," तो म्हणाला.

बऱ्याच वेळाने प्रियंका भाजी निवडायला पलंगावर येऊन बसली. धुकं तसंच.

"अहो, तितं उजाडत न्हाय का कदी?"

"उजाडतंय की," त्याने नजर हलवली नाही. "पर त्याला ते कार्ड लागतं."

 तिला स्वतःचा राग आला, वॉशिंग मशीनचाही आला. हा माणूस दुकानात का बोलला नाही? बोलला असता तर आपण घेऊन दिलं असतं का?  आणि जोतिराम तर खुशीत होता.

"ये की जवळ," तो म्हणाला. "कुटं सोडू तुला?"

समोर अचानक एक वळण आलं. प्रियंकाने पलंगाची कड घट्ट धरली.

"हळू चालवा," ती म्हणाली.