ताई ठणठणीत

"हिला बघा ना," धाकटी डॉक्टरबाईंना म्हणाली. "माझ्या या मोठ्या बहिणीची पिशवी काढली, हिला काय झालं? ठणठणीत आहे."

डॉक्टरबाईंनी ताईकडे बघितलं.

ताई आणखी ताठ बसली.

*

त्याआधी

या बहिणींच्या घरात गर्भाशयाला कुणी गर्भाशय म्हणत नसे. पिशवी. आणि ती फार दिवस ठेवायची नाही, अशी रीतच पडून गेली होती. आईची गेली, मावशीची गेली, वहिनीची गेली. पोरंबाळं झाली, आता कशाला ती कटकट? जिचा नंबर लागेल तिच्याबरोबर आधी काढून आलेली एक जण जायची, धीर द्यायला. "अगं, मुंगी चावल्यासारखं. मग जन्माची सुटका." हे वाक्य ताईला पाठ होतं. वहिनीला तिनेच ऐकवलं होतं. आता धाकटीला.

धाकटी शाळेची बस चालवते. वर्षभर तिच्या अंगावर इतकं जायचं की ती काळ्या पँटशिवाय घराबाहेर पडत नव्हती. सीटवर टॉवेल घडी करून ठेवायची. एकदा शाळेच्या दारात सगळी मुलं उतरली, उठून दार लावायचं होतं, मागच्या बसवाल्याने हॉर्न बडवला, खिडकीशी येऊन "झोप लागली का मॅडम?" म्हणाला, तरी ही उठेना. उठता येण्यासारखं नव्हतं.

"काढून टाक," ताई म्हणाली. संपला विषय.

पण या डॉक्टरबाईंनी आधी सोनोग्राफी केली, आतल्या अस्तराचा तुकडा तपासायला पाठवला आणि निकाल सांगायला आज बोलावलं. ताई मात्र ऑपरेशनची बॅग भरूनच आली होती. सैल कपडे, चपला, चादर, सगळं.

*

खोलीत

"काढायची गरज नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "अस्तरावर एक कोंब वाढलाय, बोटाच्या पेराएवढा. तुकड्यात वाईट काही निघालं नाही. खालून दुर्बीण घालून कोंब काढू, संध्याकाळी तुम्ही घरी. त्यानंतरही जास्त जायला लागलं तर गोळ्या आहेत, हार्मोनची तांबी आहे. पिशवी काढणं हा अगदी शेवटचा उपाय."

ताई हसली. "मॅडम, दात कोरून कुठे पोट भरतं?"

"आणि डोकं दुखतं म्हणून डोकंच उडवायचं का, ताई?"

धाकटीला हसू आलं. ताईने डोळे वटारले तसं ते गिळून ती म्हणाली, हिला बघा ना. ठणठणीत.

*

अजून खोलीतच

"तुमची का काढली होती?"

"हिच्यासारखंच. अंगावर जायचं."

"तपासण्या काय केल्या होत्या?"

"तपासण्या कशाला? पोट दाबून बघितलं, म्हणाले सुजलीय, ठेवलीत तर कॅन्सर होईल. मुलगी नुकती शाळेत जायला लागली होती. कॅन्सर म्हटल्यावर मी काय करणार?"

"पस्तिशीही नसेल तेव्हा."

"नव्हती."

"आणि बीजांडं, म्हणजे अंडाशयं? ती ठेवली होती ना?"

ताईने धाकटीकडे बघितलं. धाकटीने ताईकडे.

"ती वेगळी असतात?" ताई म्हणाली.

*

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं.

"अंगातून वाफा येतात? एकदम घाम फुटतो?"

"मला? छे."

"अगं, छे काय?" धाकटी म्हणाली. "माझ्याकडे राहायला आलीस की पंखा उशाशी ओढून झोपतेस. पोरं तुला इस्त्री म्हणतात!"

"मी बेकरीत भट्टीपुढे उभी असते, मॅडम. भट्टीपुढे वाफ नाही येणार तर काय गारा पडणार?"

"सुट्टीच्या दिवशी येतात का?"

ताईने कपाळ पुसलं.

"कधीपासून येतात?"

"त्या... टाके निघायच्या आधीपासून."

"नंतर कुणाला दाखवलंत? कसलीही तपासणी?"

"पिशवीच नाही तर तपासायचं काय?"

"झोपा बरं या टेबलावर."

*

टेबलावर

गार जेल. पोटावर फिरणारं यंत्र. पडद्यावर करडं काहीतरी हलतंय. ताईला वाटलं, आता त्या म्हणतील, सगळं छान आहे. तिला कुणीतरी तसं म्हणावं असं फार दिवसांपासून

"पिशवी नाहीये," डॉक्टरबाई म्हणाल्या.

ते तर माहीत

"बीजांडंही दिसत नाहीत. या वयात ती आक्रसतात, कधी सापडत नाहीत, म्हणून नुसत्या यावरून छातीठोक सांगणार नाही. पण टाके निघायच्या आत वाफा सुरू झाल्या म्हणजे बहुतेक तीही काढली असावीत. तुम्हाला कुणी विचारलं नव्हतं?"

विचारलं नव्हतं. बाहेर नवऱ्याला एका थाळीत काहीतरी दाखवलं होतं. त्याने मान दुसरीकडे केली होती. तीही त्यात

"ताई? ऐकताय ना? हात वगैरे मोडलाय कधी?"

मोडला होता. मनगट. पावांचा ट्रे उचलताना. अख्खी बेकरी हसली होती, पाव उचलताना हात मोडणारी जगातली पहिलीच. तीही हसली होती. हाड पुन्हा मोडलं तेव्हा मालक म्हणाला, नाजूक झालात. तेव्हाही हसली होती.

"बीजांडांतून जे हार्मोन येतं ते हाडं राखतं. ती लवकर गेली की हाडं पोकळ होतात. तेव्हाच औषध सुरू करायला हवं होतं. आता हाडांची तपासणी करू. अजूनही उपाय आहेत."

पायाखालची जमीन सरकते म्हणतात. ताई तर आडवी होती. तिच्या पाठीखालचं टेबल सरकलं. भट्टी नव्हती. वय नव्हतं. नशीब नव्हतं. कुणीतरी हात घालून उचलून नेलं होतं आणि तिने जाताना त्यांचे आभार मानले होते. पेढे वाटावेत तशा आनंदाने.

मग वहिनी. वहिनीचं काय काय

*

तिला उठून बसवलं तरी पोटावरचं जेल पुसायचं तिच्या लक्षात आलं नाही.

"ताई," धाकटी म्हणाली. "पण तुला त्रास नाही ना काही? तूच तर म्हणतेस सुटका झाली. मी घाबरत घाबरत बस चालवते गं. मला एकदाच काय ते संपवायचंय. तू सांग. काढू का?"

उत्तर ताईच्या जिभेवर तयारच होतं. मुंगी चावल्यासारखं. इतक्या वर्षांची सवय, सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. हो म्हटलं की सगळं होतं तसं राहणार होतं. आई बरोबर, मावशी बरोबर, आपण बरोबर.

"तुझे भाऊजी बाहेरच्या खोलीत झोपतात," ताई म्हणाली.

"घोरतात म्हणून ना?"

"घोरत नाहीत."

ताई डॉक्टरबाईंकडे न बघता बोलत राहिली.

"मला सोसेना. ऑपरेशननंतर. आत नुसती आग. एकदा रडले, मग ते हातच लावेनात. त्यांना वाटलं मला ते नकोसे झालेत. मलाही तसंच वाटलं." ताईचा आवाज कुणा दुसऱ्याच बाईचा असावा तसा येत होता. "आणि तुम्हा सगळ्यांना सांगत फिरले, मस्त आहे. काय सांगणार होते? सगळ्याच म्हणायच्या मस्त आहे. मी एकटीच रडकी ठरले असते."

"आईलासुद्धा असंच...?"

"मला काय माहीत? कोण कुणाला विचारतं?"

बाहेर कुणाचं तरी बाळ रडायला लागलं आणि थांबलं.

"त्याच्यावरही औषध आहे," डॉक्टरबाई हळूच म्हणाल्या. "साधं मलम आहे."

ताईने त्यांच्याकडे असं बघितलं, जणू त्यांनी तिच्या थोबाडीत दिली. मलम. एवढी वर्षं, आणि मलम.

धाकटीने नाक पुसलं. खुर्ची टेबलाशी ओढली. "मला ते दुर्बिणीचं परत सांगा, मॅडम. पहिल्यापासून."

डॉक्टरबाईंनी कोरा कागद घेतला आणि चित्र काढलं. मधे उलट्या पेरूसारखं काहीतरी, दोन्ही बाजूंना दोन हात, हातांच्या टोकाशी दोन बदाम. कोंब कुठे आहे तिथे टिंब दिलं. धाकटी वाकून बघत होती.

ताईही वाकली. कपडा पोटाला चिकटला होता. तिने बोट एका बदामावर ठेवलं.

"हे केवढं असतं?" तिने विचारलं. "खरोखरचं?"